पौष वद्य पंचमीची भरती

भोपाळ, ५ ऑक्टोबर १९५८

श्री. अच्युतराव यांस,

आपले पत्र व कोकमांची पुडी पोहोचली. पुडी शेजारच्या कमलिनीबाईंना देऊन टाकली. आमटीत कोकम केव्हा आणि किती घालतात हे ज्या व्यक्तीला ठाऊक होते ती आता या घरात नाही.

पत्र लिहिण्याचे कारण असे की, कै. सुमित्राचे वर्षश्राद्ध पौष वद्य पंचमीस येते. इंग्रजी तारीख मुद्दाम देत नाही. श्राद्धकर्म तिथीने होते, तारखेने नव्हे. आपल्या घरी पंचांग आहेच. आपण व मनोरमावहिनींनी आपली भाची वसुधा हिला घेऊन त्या दिवशी येथे असावे. गेल्या डिसेंबरात सुमित्राचे दिवस झाल्यावर आपण वसुधाला ‘थोडे दिवस हवापालट’ म्हणून वेंगुर्ल्यास नेलेत. ते थोडे दिवस आता पुष्कळ झाले. श्राद्धानंतर ती माझ्याजवळ राहील. येथील शाळेत बोलून ठेवले आहे. तिच्यासाठी खिडकीजवळ पलंगही घातला आहे.

आपण विचारता की मीच तिकडे का येत नाही. समुद्राने मन हलके होईल, चार ठिकाणे बघून होतील, असे आपले म्हणणे. समुद्र मी १९४९ साली पाहिला आहे. तेव्हा आपण पुण्यास होता, म्हणून आपल्याला त्या सहलीची माहिती नसावी. जावई प्रथमच सासुरवाडीला आला म्हणून आईंनी घावन्यांचा घाणा घातला होता, आणि सुमित्राने पहिल्याच सकाळी जाहीर केले होते, “आता मी तुम्हाला सगळं दाखवणार. मधे बोलायचं नाही.”

त्या आधीची हकीकत अशी. आगबोट बंदरापासून दूर उभी राहिली आणि आम्हाला पडावात उतरवले. मी बूट, मोजे, कोट आणि काळी टोपी अशा वेषात होतो. पडाव वाळूला लागला तेव्हा तांडेलाने माझ्या पायांकडे पाहून म्हटले, “सायबानू, बूट काढा. नायतर दर्यो काढतलो.” मी बूट काढले नाहीत. दर्याने काढले. एक मोजा परत मिळाला नाही, आणि सुमित्रा त्या मोज्याची आठवण पुढे जन्मभर संधी मिळेल तेव्हा काढीत असे.

तिने मला दीपगृहाची टेकडी दाखवली, मोचेमाडच्या घाटीवरून खालची खाडी दाखवली, शिरोड्याची मिठागरे दाखवली. मिठागरावर मी विचारले, हंगामाला मीठ किती निघते. ती म्हणाली, “तुम्हाला इथे मीठ दिसलं? खाली आकाश बघा ना.” मी पाहिले. उथळ पाण्याच्या चौकोनांत आकाश खरोखरच वाफ्यावाफ्यांनी लावलेले होते. सागरेश्वराच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात आम्ही संध्याकाळपर्यंत बसलो. येथे पाहण्यासारखे नेमके काय आहे, असे मी विचारले. “काही नाही,” ती म्हणाली. “इथे नुसतं बसायचं असतं.”

एकच राहिले. समुद्रात दूर जे खडक आहेत, ज्यांच्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात, तेथे तिला मला न्यायचे होते. माझी रजा संपत होती. पुढच्या वेळी जाऊ, असे मी म्हणालो. तेव्हा समुद्र पाहून झाला आहे. आता पुन्हा येण्याचे प्रयोजन उरत नाही.

वसुधा पायात चप्पल घालते ना? शिंपल्यांनी पाय कापतात.

आपला,
नीळकंठ देशकर


भोपाळ, १६ नोव्हेंबर १९५८

श्री. अच्युतराव यांस,

‘पंचमीस नक्की पोहोचतो’ हे आपले उत्तर मिळाले. त्याबद्दल आभारी आहे. पत्राचा उर्वरित भाग मात्र मला पटला नाही.

वसुधा रोज संध्याकाळी सागरेश्वरी जाते, तिला पोहता येऊ लागले, तिचा खोकला गेला, हे वाचून समाधान वाटले. परंतु त्यावरून ‘पोरीला इथेच राहू दे, विचार कर’ हा निष्कर्ष कसा निघतो हे मला समजले नाही. आपण भोपाळ स्टेशनवर मला म्हणाला होता, “नीळकंठ, तुझ्या घरात पोर वाढेल, पण कागदासारखी. घडी घालून.” आपल्याला ते आठवत नसेल. आणि त्यानंतर, गाडी हलताना, “माझी बहीण तुझ्या त्या तळ्याकाठी सुकली,” हेही म्हणाला होता. त्या दिवसापासून मी आपल्याला ‘आपण’ म्हणतो. वसतिगृहात एका खोलीत चार वर्षे काढलेल्या माणसाला असे संबोधणे मलाही जड जाते.

ती सुकली किंवा कसे, याविषयी दोन गोष्टी नमूद करतो.

१९५६ च्या नोव्हेंबरात राज्ये नव्याने आखली गेली आणि आमची कचेरी नागपूरहून उचलून येथे आणली. ज्या दिवशी नागपूर आणि वेंगुर्ले एका राज्यात आली, त्याच दिवशी आम्ही त्या राज्याबाहेर पडलो. गाडीत सुमित्रा म्हणाली, “एवढी वर्षं नागपुरात काढली, आणि आता माहेर आपल्याच राज्यात आलं तर आपण निघालो.” मी तिला समजावले की राज्याच्या सीमेने अंतर कमीजास्त होत नाही. ती म्हणाली, “होतं हो.”

येथे आल्यावर मी तिला तलाव दाखवला. भोपाळला येणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवतात. पलीकडचा काठ धूसर दिसतो, हिवाळ्यात परदेशी बदके उतरतात, संध्याकाळी पाणी तांबडे होते. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “पाणी खूप आहे. पण येत नाही, जात नाही.” मला वाटले, तिला ते आवडले नाही. परंतु पुढच्या नारळी पौर्णिमेस ती वसुधाला आणि कमलिनीबाईंना घेऊन शीतलदास की बगियाच्या घाटावर गेली आणि तिने तलावाला नारळ वाहिला. मी मागे उभा होतो. फुलवाली म्हणाली, “बहनजी, नारियल तो मंदिर में चढ़ता है. पानी में काहे?” सुमित्राने आपल्या हिंदीत उत्तर दिले, “इसको भी किसीने पूछना चाहिए ना.” फुलवालीने हसून आपल्याकडची दोन झेंडूची फुले पाण्यात टाकली.

दुसरी गोष्ट. स्वयंपाकघराच्या भिंतीवर आम्ही येथल्या बाजारातले हिंदी पंचांग लावले होते. पुण्याचे येथे मिळत नाही. पोळ्या लाटता लाटता सुमित्रा त्याकडे एकदा बघे आणि म्हणे, “आता बंदरावर भरती लागली.” मी एकदा विचारले, तुला कसे कळते. “तिथीची पाऊणपट करायची. जितकी येईल तितक्या वाजता भरती. अष्टमी असेल तर सहाला. एवढं गणित तुम्हाला येत नाही?” मी गणिताचा पदवीधर आहे. मी चंद्राच्या रोजच्या उशिराचा हिशेब करून पाहिला. तिची रीत बहुतांशी बरोबर निघाली. हे मी तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “चला, समुद्र पास झाला.”

जी बाई भोपाळच्या स्वयंपाकघरातून वेंगुर्ल्याची भरती सांगत होती, ती सुकलेली होती असे मला वाटत नाही. तिला ज्वर आला आणि तो उतरला नाही. एवढेच घडले.

बरखेड्यास मोठा कारखाना उभा राहत असल्याने महाराष्ट्रातून कितीतरी मराठी कुटुंबे येत आहेत. वसुधाला बोलायला मैत्रिणी मिळतील. पंचमीस वाट पाहतो.

आपला,
नीळकंठ देशकर


भोपाळ, ३१ डिसेंबर १९५८

श्री. अच्युतराव यांस,

काल वर्षश्राद्ध पार पडले.

आपण आला नाहीत. वहिनी आल्या नाहीत. वसुधाला आपण पाठवले नाही. तार नाही, पत्र नाही. मी आदल्या दिवशी दोन्ही गाड्यांना स्टेशनवर गेलो होतो आणि काल सकाळी पुन्हा गेलो. पंडितजी म्हणाले, “बाबूजी, सूरज चढ़ रहा है.” त्यांना मी तासभर थांबवले. कमलिनीबाईंनी सोवळ्यात स्वयंपाक केला होता. तिघांची पाने संध्याकाळपर्यंत मांडलेली होती. मग त्यांनीच न विचारता ती उचलली. जाताना म्हणाल्या, “भाऊसाहेब, गाडी चुकली असेल.” मी म्हणालो, गाड्या चुकत नाहीत, माणसे चुकवतात.

आपण ‘नक्की पोहोचतो’ असे लिहून दिले होते. न येण्याचा अर्थ मला कळतो. आपल्याला जे तोंडाने सांगणे अवघड वाटले, ते आपण अशा रीतीने कळवले.

तेव्हा मीही स्पष्ट लिहितो. वसुधाने यापुढे आपल्याकडेच राहावे. मी तिला मागणार नाही. तिच्या आईच्या श्राद्धाला जिला कोणी आणले नाही, तिला येथे बोलावून मी काय दाखवणार? खिडकीजवळचा पलंग कमलिनीबाईंच्या घरी दिला आहे. तिचा खर्च दरमहा पाठवीन. अधिक पत्रव्यवहाराची गरज नाही.

नीळकंठ देशकर


भोपाळ, १४ जानेवारी १९५९

प्रिय अच्युत,

तुझे पत्र काल संध्याकाळी मिळाले. ते मी उभ्यानेच वाचले आणि टोपी न घालता घराबाहेर पडलो. रस्त्यात हे लक्षात आले. तरी परतलो नाही.

तू लिहितोस, “पौष वद्य पंचमी अजून यायची आहे. ती जानेवारीच्या अखेरीस आहे. आमची तिकिटे काढलेली आहेत. मग तू हे कोणते श्राद्ध केलेस?”

मी घाटावर पंडितजींकडे गेलो. भिंतीवरचे पंचांग काढून काखेत घेतले होते. ते कोणाला तरी संकल्प सांगत होते. तो संपेपर्यंत पायरीवर बसलो. मग पंचांग त्यांच्यापुढे धरून विचारले, ही पौष कृष्ण पंचमी कोणत्या दिवशीची. ते म्हणाले, “वही, जो हो गई. आपने ही तो कराई.” मी म्हणालो, आमच्या गावाकडे ती अजून व्हायची आहे. त्यांनी माझ्याकडे जरा दयेने पाहिले. “बाबूजी, आप दक्खिन के लोग हैं. आपका महीना अमावस पर पूरा होता है, हमारा पूनम पर. अँधेरा पाख वही का वही. बस, आप उसे पिछले महीने में गिनते हैं, हम अगले में.”

सुमित्रा गेली तेव्हा त्यांनीच मला तिथी सांगितली होती: पौष कृष्ण पंचमी. मी ‘कृष्ण’चे ‘वद्य’ केले आणि महिना जसाच्या तसा तुला कळवला. आपल्या पंचांगात ती मार्गशीर्ष वद्य पंचमी आहे. चंद्र तोच होता; मी त्याला तुमच्याकडे दुसऱ्याच महिन्यात पाठवले. तारीख लिहिली असती तर काही झाले नसते. तारीख मी मुद्दाम लिहिली नाही.

तू पुढे लिहितोस, ते मला अधिक लागले. तुमच्या घरी मार्गशीर्षच धरला होता. वहिनींनी विचारलेही. त्यावर आई म्हणाल्या, “नीळकंठराव लिहितात ते चुकायचं नाही. अधिक श्रावण झाला ना यंदा, त्यानं महिना पुढे गेला असेल. आपलंच चुकत असेल.” म्हणजे तुम्ही सर्वांनी आपल्या घरच्या मुलीच्या तिथीबाबत माझा शब्द तुमच्या आठवणीपेक्षा खरा मानला. आणि मी स्टेशनवर उभा राहून तुमच्याविषयी काय काय ठरवीत होतो.

आता वसुधाविषयी. माझे पत्र तिने पोस्टमनच्या हातून घेतले आणि फोडले. बाबांचे पत्र ती नेहमीच आधी वाचते, हे मला ठाऊक नव्हते. तू लिहितोस, “तिने वाचून त्याची घडी घातली, माझ्याजवळ दिले आणि बंदरावर जाऊन बसली. तेव्हापासून भोपाळचे नाव काढत नाही. नीळकंठ, आता मी तिला घेऊन येतो म्हटले तरी ती येईल असे वाटत नाही.”

तू तिला आणू नकोस. जिला मी लिहून नाकारले, तिने माझ्या दारी का यावे? मी रजेचा अर्ज दिला आहे. साहेबांनी कारण विचारले. मी ‘समुद्रदर्शन’ असे लिहिले. त्यांनी वर पाहिले, पण सही केली. तुमच्या पौष वद्य पंचमीस, ज्या दिवशी तुम्ही येथे पोहोचणार होता, त्या दिवशी मी आगबोटीने वेंगुर्ल्यास उतरेन. तिकिटे परत कर.

तिला एवढेच सांग की मी येतो आहे. ती बंदरावर आली नाही तरी मी समजेन.

तुझा,
नीळकंठ

पलंग परत मागून आणला आहे. कमलिनीबाई म्हणाल्या, “मी त्यावर चादरसुद्धा घातली नव्हती. मला माहीत होतं.”


भोपाळ, १२ एप्रिल १९५९

प्रिय अच्युत,

तू पाठवलेले नवे पंचांग काल पोहोचले. आम्ही सुखरूप पोहोचल्याची तार तुला फेब्रुवारीतच केली होती. परंतु तुझ्या घरी जे पाहिले त्याविषयी मी काहीच लिहिले नाही, अशी तुझी तक्रार रास्त आहे. मला नीट लिहायचे होते. नीट लिहिण्याची वाट बघता बघता दोन महिने गेले.

वहिनींचे पहिले वाक्य मी विसरलेलो नाही. “या भावोजी. तुम्ही महिनाभर उशिरा आलात की अकरा महिने लवकर, ते पंचांग बघून सांगते.” त्या हसल्या, म्हणून मला उंबरा ओलांडता आला.

वसुधा बंदरावर आली होती, हे तू पाहिलेस. पडावातून उतरताना बूट मी हातात घेतले होते. तिने ते पाहिले, आणि वाकून नमस्कार केला. परक्या माणसाला करतात तसा. नंतरचे चार दिवस ती मला हिंडवत होती हेही तुला ठाऊक आहे. तुला ठाऊक नाही ते हे की ती एक शब्दही अधिक बोलत नव्हती. दीपगृह, मोचेमाड, शिरोडे. अगदी त्याच क्रमाने. हा क्रम तिला कोणी सांगितला, असे मी विचारले. “आईनं. भोपाळला. झोपताना सांगायची.” मी शेजारच्या खोलीत फायली वाचीत असताना त्या दोघी रोज वेंगुर्ल्यास जाऊन येत होत्या.

खडकांवर तू आला नव्हतास, म्हणून तेथील हकीकत लिहितो.

होडी लहान होती आणि मी दोन्ही हातांनी काठ धरून बसलो होतो. वसुधा पुढच्या टोकाला, नाळेवर बसली होती. जवळ गेल्यावर खडक काळे दिसतात, आणि त्यांवर पक्ष्यांच्या विष्ठेचा पांढरा थर असतो. गुहेच्या तोंडाशी होडी थांबवली तेव्हा पाकोळ्या आतून बाहेर आणि बाहेरून आत अशा अखंड येत-जात होत्या. काळोखात कशी वाट सापडते त्यांना, कोण जाणे. घरटी वाटीएवढी, भिंतीला चिकटवलेली. लाळेने बांधतात, असे नावाड्याने सांगितले. मी ऐकत होतो, पण विचारले काहीच नाही. किती घरटी आहेत हेही विचारले नाही. दहा वर्षांपूर्वी जी मला येथे आणणार होती तिचा विचार करीत होतो.

तेव्हा वसुधा पाकोळ्यांकडे बघत म्हणाली, “तुम्ही लिहिलंत, मी मामाकडेच राहावं.”

“लिहिले.”

“मग न्यायला कशाला आलात?”

“न्यायला आलो नाही. जे दाखवायचे राहिले होते ते बघायला आलो.”

तिने हात पाण्यात सोडला. मग म्हणाली, “मामा म्हणतो, तुमचा महिना चुकला.”

“चुकला.”

“तुमचा?”

“माझा.”

ती वळली. अच्युत, त्या मुलीने इतक्या वर्षांत माझ्याकडे इतक्या आवडीने पाहिले नव्हते. “आई सांगायची,” ती म्हणाली, “की बाबांचं एकदाच चुकलं होतं. तो मोजा.”

मला हसू आले. होडी हलली, आणि नावाडी म्हणाला, “सायबानू, बसान हसा.”

मी तिला नीट बसून सांगितले की ती तुझ्याकडे राहिली तर मी दर हिवाळ्यात येईन आणि माझे काही म्हणणे असणार नाही. ती म्हणाली, “तुम्हाला आमटी येते?” मी नाही म्हणालो. “कोकमं कुठे आहेत?” मी कमलिनीबाईंना दिल्याचे सांगितले. तिने आईसारखाच सुस्कारा सोडला. “मग मला यावंच लागेल. पण मे महिना इथे. आणि झोपताना फायली नाही वाचायच्या.” या अटी मी मान्य केल्या. तू साक्षीदार नव्हतास, म्हणून येथे लिहून ठेवतो.

परतताना मला काठ धरावा लागला नाही.

आता येथील. तुझे पंचांग वसुधाने स्वयंपाकघरात येथल्या पंचांगाशेजारी लावले. काल दोन्हींसमोर उभी राहून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, “बाबा, महिने वेगळे आहेत, पण तिथ्या त्याच आहेत. भरतीला महिना लागतच नाही.” मला हे एवढ्या गणितानंतरही सुचले नव्हते. सुमित्राने वर्षभर त्या परक्या पंचांगावरून बंदराची भरती सांगितली आणि तिचे कधी चुकले नाही. तिने फक्त चंद्र बघितला.

तुला एक सांगायचे राहिले. सुमित्रा गेल्यापासून रोज सकाळी दाढी करण्यापूर्वी मी त्या पंचांगाकडे बघून पाऊणपट करीत आलो आहे. गेल्या वर्षीच्या सर्व पत्रांच्या वेळीही करीत होतो. समुद्र पाहून झाला, असे लिहिले त्या दिवशीसुद्धा. आता ते काम वसुधाने माझ्याकडून काढून घेतले. ती मोठ्याने सांगते, आणि मला कचेरीत निघताना ऐकावे लागते.

पुढचे श्राद्ध तुमच्या पंचांगाने मार्गशीर्ष वद्य पंचमी, येथील पंचांगाने पौष कृष्ण पंचमी, इंग्रजी तारीख १९ डिसेंबर, शनिवार. तिन्ही लिहिली आहेत. वहिनींना आणि आईंना घेऊन ये. बंदरावर भरती पावणेचारला आहे. तोवर जेवणे झालेली असतील. मग सगळे तळ्यावर जाऊ.

तुझा,
नीळकंठ